पडद्यावरचा विश्वकोश, कागदावरचा ग्रंथ : रूपांतरातील दोष आणि त्यांचे निदान

विकिपीडियातील लेख पडद्यावर एकसंध दिसतो, पण तो त्या रूपात कुठेच साठवलेला नसतो. साठवलेला असतो तो विकिमजकूर, म्हणजे कंस, चिन्हे आणि साच्यांची (अनेक लेखांत वापरल्या जाणाऱ्या तयार तुकड्यांची) नावे यांनी भरलेला कच्चा लेख. सर्व्हर त्यातले साचे उलगडून एचटीएमएल पान बनवतो. ब्राउझर ते पान पडद्याच्या रुंदीप्रमाणे मांडतो, चित्रे वेगळ्या ठिकाणाहून आणून बसवतो आणि फॉन्टमधून अक्षरे घडवतो. अशा लेखांचा छापील ग्रंथ करायचा तर या साखळीला आणखी तीन कड्या जोडाव्या लागतात : ठरावीक आकाराच्या पानांत मजकूर तोडणे, त्याची पीडीएफ करणे आणि ती कागदावर उतरवणे. रूपांतरातला जवळपास प्रत्येक दोष यांपैकी एखाद्या कडीत निर्माण होतो, पण डोळ्यांना दिसतो तो बहुधा शेवटी, प्रुफावर. दुरुस्तीही मग तिथेच केली जाते आणि पुढच्या प्रतीत तोच दोष परत येतो. म्हणून दोष कोणत्या कडीत शिरला हे शोधणे हाच या कामाचा गाभा आहे.

साधने कशी बदलत गेली

विकिपीडियातील लेखांचे ग्रंथ करण्याची अधिकृत सोय डिसेंबर २००७ मध्ये जाहीर झाली. विकिमीडिया फाउंडेशन आणि जर्मनीतील माइन्झ येथील पीडियाप्रेस ही कंपनी यांच्यात करार झाला आणि २००९ मध्ये जर्मन व इंग्रजी विकिपीडियावर ‘ग्रंथ तयार करा’ ही सुविधा सुरू झाली. वाचकाने लेख निवडायचे, त्यांचा क्रम लावायचा, प्रकरणे पाडायची आणि पीडीएफ उतरवून घ्यायची किंवा छापील प्रत मागवायची, अशी ही योजना होती. मागची यंत्रणा एमडब्ल्यूलिब नावाची होती. विकिमजकूर वाचण्यासाठी तिचा स्वतःचा वाचक होता आणि पीडीएफ रिपोर्टलॅबच्या साहाय्याने बनत असे. या रचनेत दोन उणिवा अंगभूत होत्या. संकेतस्थळ साचे एका रीतीने उलगडे आणि ही यंत्रणा दुसऱ्या, त्यामुळे पडद्यावरचे पान आणि पीडीएफ यांत फरक पडे. शिवाय रिपोर्टलॅबला त्या काळी देवनागरीसारख्या लिपीतील अक्षरांची जुळणी येत नव्हती.

२०१४ मध्ये तिची जागा ऑफलाइन कंटेंट जनरेटर या यंत्रणेने घेतली. ती लेटेक या अक्षरजुळणी प्रणालीवर आधारलेली होती. अक्षरजुळणी सुधारली, पण तक्ते आणि माहितीचौकटी गाळल्या जाऊ लागल्या. विश्वकोशात लोकसंख्या, निवडणूक निकाल, रासायनिक गुणधर्म यांसारखी माहिती तक्त्यांतच असते, त्यामुळे ही तक्रार मोठी होती. ऑक्टोबर २०१७ मध्ये ही यंत्रणाही बंद झाली. तेव्हापासून एका लेखाची पीडीएफ ब्राउझरच्या इंजिनातून बनते. तक्ते परत आले, मात्र अनेक लेख एकत्र करून एकच पीडीएफ देणारी जुनी सोय गेली. जुनी मार्गदर्शने वाचून कामाला लागणाऱ्याला ‘ग्रंथ उतरत नाही’ असा अनुभव येतो. तो दोष नसून बंद झालेली सुविधा आहे.

आज प्रामुख्याने चार मार्ग उपलब्ध आहेत. पीडियाप्रेसकडून छापील प्रत मागवणे हा पहिला. दुसरा मार्ग म्हणजे मीडियाविकि-टू-लेटेक हे मुक्त साधन. ते लेखांपासून पीडीएफ, ईपब किंवा ओडीटी फाइल तयार करते. तिसऱ्या मार्गात लेखांचे एचटीएमएल घेऊन त्याला छपाईची सीएसएस, म्हणजे मांडणीचे नियम, लावली जाते आणि विझीप्रिंट, प्रिन्स किंवा पेज्ड-जेएस यांतून पाने पाडली जातात. चौथा मार्ग मराठी मुद्रणव्यवसायात सर्वांत रुळलेला आहे : मजकूर उचलून इनडिझाइनसारख्या डीटीपी सॉफ्टवेअरमध्ये हाताने लावणे. प्रत्येक मार्गाचे ठरलेले दोष आहेत, त्यामुळे कोणता मार्ग वापरला हे कळले की अर्धे निदान होते.

संपूर्ण विश्वकोश छापण्याचे दोन प्रयत्नही येथे लक्षात घेण्याजोगे आहेत. जर्मनीत बर्टेल्समनने २००८ मध्ये जर्मन विकिपीडियाचा एकखंडी कोश काढला. त्यात सर्वाधिक शोधल्या जाणाऱ्या लेखांचे फक्त आरंभीचे भाग घेतले होते. मायकल मँडिबर्ग या अमेरिकी कलाकाराने २०१५ मध्ये इंग्रजी विकिपीडियाची ग्रंथमाला रचली. तिचे मजकुराचे ७,४७३ खंड झाले, प्रत्येकी सातशे पानांचे. नुसत्या अनुक्रमणिकेला ९१ आणि लेखकांच्या नावांना ३६ खंड लागले. यासाठी चित्रे वगळावी लागली. एकाने लांबी सोडली, दुसऱ्याने चित्रे. काय गाळायचे याचा निर्णय आधी झाला नाही, तर तो यंत्रणा आपल्या सोयीने घेते.

निदानाची रीत

दोष दिसला की आधी तीन ठिकाणी पाहायचे असते : विकिपीडियावरचे पान, त्याच पानाची ब्राउझरमधील छपाईपूर्व प्रतिमा आणि तयार झालेली पीडीएफ. पानावरच दोष असेल तर तो लेखात किंवा साच्यात आहे. पान नीट पण छपाईपूर्व प्रतिमा बिघडलेली असेल, तर दोष छपाईच्या सीएसएसमध्ये आहे. दोन्ही ठीक असून पीडीएफ चुकत असेल, तर रूपांतर करणारे साधन किंवा त्याला मिळणारा फॉन्ट तपासावा लागतो. पीडीएफही निर्दोष असेल आणि कागदावर गडबड दिसत असेल, तर चूक छपाईपूर्व तयारीत आहे.

पूर्ण ग्रंथच तयार होत नसेल, म्हणजे काम अर्ध्यावर थांबत असेल किंवा सर्व्हर ठरलेल्या वेळेनंतर जोडणी तोडत असेल, तर लेखांची यादी मधोमध तोडून दोन्ही भाग वेगवेगळे चालवावेत. जो भाग अडतो तो पुन्हा निम्मा करावा. चौसष्ट लेखांच्या यादीतून एक अडवणारा लेख शोधायला अशा सहा फेऱ्या पुरतात. शेकडो ओळींचा तक्ता, एकमेकांत गुंतलेले साचे, खूप मोठे चित्र किंवा बंद न केलेली खूण हे बहुतेक वेळा अडचणीचे मूळ असते. दोन्ही भाग सुटे सुटे चालत असतील आणि एकत्र अडत असतील, तर दोष कोणत्याही लेखात नाही. एकूण आकार साधनाच्या मर्यादेबाहेर गेला आहे, आणि प्रकरणवार पीडीएफ करून त्या शेवटी जोडणे हाच उपाय उरतो.

मजकूर : आवृत्ती, साचे, उरलेल्या खुणा

ऑनलाइन लेख रोज बदलू शकतो, ग्रंथ बदलत नाही. सोमवारी प्रूफ तपासले आणि गुरुवारी अंतिम पीडीएफ केली, तर मधल्या दिवसांत कुणी भर घातलेली असू शकते किंवा मजकुराची नासधूसही केलेली असू शकते. म्हणून लेख निवडताना त्याच्या नावापेक्षा विशिष्ट आवृत्तीचा शाश्वत दुवा नोंदवून ठेवणे आवश्यक असते. मात्र शाश्वत दुव्यालाही एक छिद्र आहे : जुनी आवृत्ती उघडली तरी तिच्यातील साचे आणि चित्रे आजचीच दिसतात. साच्यात बदल झाला असेल तर लेखाची जुनी आवृत्तीही वेगळी दिसते. सुरक्षित मार्ग म्हणजे आवृत्ती निश्चित केली त्याच दिवशी उलगडलेले एचटीएमएल आणि चित्रे उतरवून ठेवणे आणि पुढचे सगळे काम त्या प्रतीवर करणे.

अनेक लेख एकत्र आले की आणखी एक विसंगती उघडी पडते. धाराशिव आणि छत्रपती संभाजीनगर ही नावे २०२३ मध्ये आणि अहिल्यानगर हे २०२४ मध्ये अधिकृत झाले. एका लेखात नवे नाव, दुसऱ्यात जुने, नकाशात तिसरेच काही, असे पडद्यावर खपून जाते, कारण वाचक एका वेळी एकच लेख पाहतो. ग्रंथात ते समोरासमोरच्या पानांवर येते. ‘सध्या’, ‘अलीकडे’, ‘गेल्या वर्षी’ असे शब्दही कागदावर निरर्थक ठरतात आणि त्यांच्या जागी साल घालावे लागते.

साच्यांचे दोष दोन प्रकारचे असतात. साचा मुळीच उलगडला जात नाही, तेव्हा महिरपी कंसांतील कच्चा मजकूर छापला जातो किंवा ती जागा रिकामी राहते. पॅनडॉकसारखे साधन विकिमजकूर वाचते, पण साच्यांच्या व्याख्या त्याच्याजवळ नसतात. त्यामुळे त्याला कच्च्या विकिमजकुराऐवजी उलगडलेले एचटीएमएल देणे योग्य. दुसऱ्या प्रकारात साचा उलगडतो, पण छापायला नको ते छापतो : लेख अपूर्ण असल्याची सूचना, ‘संदर्भ हवा’ ही टीप, प्रत्येक मथळ्यापुढील संपादनाचा दुवा, तळाची मार्गदर्शक पट्टी. विकिपीडियाच्या छपाई-सीएसएसमध्ये असे घटक लपवण्यासाठी खास वर्गनाव आहे. एखाद्या साच्याला ते लावलेले नसेल, तर साच्यातच दुरुस्ती केल्याने तो वापरणारे सर्व लेख एकदम सुधारतात. मात्र ‘संदर्भ हवा’ ही टीप लपवणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. ते विधान संदर्भाने पक्के करावे किंवा गाळावे.

मोबाइलच्या पानावरून केलेल्या पीडीएफमध्ये काही परिच्छेद किंवा चित्रे गायब होण्याचे कारण सोपे असते. तिथले विभाग मिटलेले असू शकतात आणि चित्रे वाचक खाली सरकेल तशी येतात. न उघडलेला भाग छपाईलाही पोहोचत नाही. अशा वेळी संगणकासाठीचे पान घेतले की प्रश्न सुटतो.

तक्ते आणि माहितीचौकटी

पडद्याला आडवी सरकपट्टी असते, कागदाला नसते. महाराष्ट्राच्या ३६ जिल्ह्यांचा दहा रकान्यांचा तक्ता अकरा सेंटिमीटर रुंदीच्या मजकूरक्षेत्रात बसवला, तर प्रत्येक रकान्याला जेमतेम एक सेंटिमीटर मिळतो. ‘सिंधुदुर्ग’ हा शब्द त्यात मावत नाही. मग तक्ता उजवीकडे कापला जातो, अक्षरे इतकी लहान होतात की वाचता येत नाहीत किंवा शब्द मधेच तुटतात. रकाने कमी करणे, तक्ता दोन भागांत विभागणे किंवा तेवढेच पान आडवे करणे, हे तीनच खरे पर्याय आहेत. बहुतेकदा पहिला उत्तम ठरतो. क्रम लावण्यापुरते असलेले आणि इतर रकान्यांतून काढता येणारे रकाने ग्रंथात नसले तरी चालतात.

लांब तक्ता पानाच्या शेवटी तुटतो तेव्हा दुसऱ्या पानावर मथळ्याची ओळ पुन्हा यायला हवी. ती येत नसेल, तर बहुधा मूळ तक्त्यात पहिली ओळ मथळा म्हणून नोंदलेलीच नसते, केवळ ठळक केलेली असते. पडद्यावर दोन्ही सारख्या दिसतात, पण यंत्राला त्यांतला फरक कळतो. एकच ओळ दोन पानांत चिरली जात असेल, तर सीएसएसमध्ये ओळीच्या आत पान न तोडण्याचा नियम घालता येतो. हाच नियम संपूर्ण तक्त्याला लावला, तर पानापेक्षा मोठा तक्ता पुढच्या पानावर ढकलला जातो आणि मागे मोठी पोकळी राहते. कोऱ्या पानांची तक्रार अनेकदा याच ‘उपाया’तून आलेली असते.

माहितीचौकट उजवीकडे तरंगती असते. पडद्यावर तिच्याशेजारी मजकुराला ऐसपैस जागा असते. लहान आकाराच्या पानावर मात्र मजकुराची चिंचोळी पट्टी उरते आणि ओळीत दोन-तीनच शब्द बसतात. चौकट तरंगती न ठेवता लेखाच्या आरंभी पूर्ण रुंदीत दोन रकान्यांत मांडली, म्हणजे हा दोष जातो.

चित्रे, नकाशे, सूत्रे

पडद्यावर ठळक दिसणारे चित्र कागदावर धूसर येण्याचे कारण साध्या भागाकारात आहे. विकिपीडियावरील लघुचित्राची प्रमाण रुंदी बरीच वर्षे २२० पिक्सेल होती. चांगल्या छपाईसाठी इंचाला ३०० पिक्सेल धरले, तर असे चित्र पाऊण इंचापेक्षाही कमी रुंदीत नीट छापले जाते. अकरा सेंटिमीटर रुंद चित्रासाठी सुमारे १,३०० पिक्सेल लागतात. म्हणून लघुचित्र ताणण्यापेक्षा विकिमीडिया कॉमन्सवरून मूळ फाइल घ्यावी. मूळ फाइलच लहान असेल, तर चित्र लहान छापणे किंवा दुसरे शोधणे एवढेच हाती राहते.

आकृत्या आणि नकाशे बहुधा एसव्हीजी स्वरूपात असतात. ते कितीही मोठे केले तरी फाटत नाहीत, पण त्यांतील अक्षरे फॉन्टवर अवलंबून असतात. रूपांतर करणाऱ्या संगणकावर देवनागरी फॉन्ट नसेल, तर नावांच्या जागी चौकोन येतात किंवा नावे नदी-सीमारेषांवर सरकतात. आकृती अंतिम झाल्यावर तिच्यातील अक्षरे रेषाकृतींत बदलून घेतल्यास हा प्रश्न राहत नाही.

नकाशाचा एक दोष तांत्रिक नाही, तरी भारतात छापणाऱ्याने तो सर्वांत आधी तपासावा. १९६१ च्या फौजदारी कायदा सुधारणा अधिनियमानुसार, भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणे हा गुन्हा आहे. विकिपीडियावरील अनेक नकाशे विवादित सीमा तुटक रेषांनी किंवा वेगळ्या रंगाने दाखवतात. ते जसेच्या तसे छापता येत नाहीत.

गणिती सूत्रे पानावर चित्ररूपाने येतात, म्हणून मजकुराची उंची बदलली की ती ओळीच्या वर-खाली सरकतात. लेटेकवर आधारलेली साधने मूळ सूत्र पुन्हा जुळवतात आणि तिथे हा दोष येत नाही. ध्वनी आणि चलचित्रे अर्थातच कागदावर येत नाहीत, पण त्यांच्या रिकाम्या चौकटी आणि ‘ऐका’ अशी चिन्हे मागे राहतात. ती काढावी लागतात.

देवनागरीचे दोष

मराठी ग्रंथांच्या बाबतीत सर्वाधिक वेळ येथे जातो. युनिकोडमध्ये ‘कि’ हे अक्षर आधी क आणि मग ऱ्हस्व वेलांटी या क्रमाने साठवले जाते. वेलांटी डावीकडे नेणे, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढवणे आणि जोडाक्षरे घडवणे ही कामे अक्षरजुळणीचे इंजिन आणि फॉन्ट मिळून करतात. त्यामुळे दोषाच्या रूपावरून कारण ओळखता येते. अक्षरांऐवजी चौकोन दिसत असतील, तर फॉन्टच मिळालेला नाही. वेलांटी उजवीकडे राहिली असेल किंवा ठिपक्यांच्या वर्तुळावर बसली असेल, तर इंजिन लिपीचे नियम लावत नाही. वेलांट्या जागेवर आहेत पण बरीच जोडाक्षरे पाय मोडून सुटी दिसतात, अशा वेळी फॉन्टमध्ये ती जोडाक्षरे नाहीत. काही शब्दच वेगळ्या वळणाचे दिसत असतील, तर दोन फॉन्ट मिसळले आहेत : पहिल्यात नसलेले चिन्ह दुसऱ्यातून घेतले गेले आहे. लोहित मराठी, नोटो, मुक्त, शोभिका यांसारखा एक पूर्ण फॉन्ट निवडून तो रूपांतराच्या संगणकावर बसवणे आणि सीएसएसमध्ये त्याचे नाव स्पष्ट देणे हा यावरचा उपाय आहे. मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवलेली असली पाहिजे. ती हिंदी नोंदवली गेली, तर काही फॉन्ट ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे देतात.

यापेक्षा घातक दोष डोळ्यांना चुकीचे न वाटणारे असतात. मराठीत ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना आणि ‘आचार्यांना’ म्हणजे गुरूंना. ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा आणि ‘दर्या’ म्हणजे समुद्र. पहिल्या रूपांतील आडवा र दोन रीतींनी लिहिला जातो : ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरून किंवा साध्या र ला न दिसणारे जोडचिन्ह लावून. मजकूर ‘स्वच्छ’ करणारी आज्ञा न दिसणारी चिन्हे उडवते, तेव्हा दुसऱ्या रीतीने लिहिलेले सगळे आडवे र रफार होतात आणि दऱ्यांचा दर्या होतो. शुद्धलेखन तपासनीस तो पकडत नाही, कारण दोन्ही शब्द बरोबर आहेत. म्हणून स्वच्छता करण्यापूर्वी सर्व आडवे र एकाच रीतीत आणून घ्यावेत.

‘ॲ’ या अक्षराचीही अशीच द्विरूपता आहे. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ मध्ये मिळाले, आणि अ वर चंद्र देऊन लिहिलेली रूपे अजून आढळतात. दिसायला दोन्ही सारखी असली तरी सूचीत ‘ॲसिड’ दोन ठिकाणी विभागले जाते. सूचीचा क्रमही तपासावा लागतो. संगणकाने केवळ युनिकोडच्या क्रमांकानुसार लावलेल्या सूचीत ळ हा ल नंतर येतो, तर मराठी वर्णमालेत तो ह नंतर आहे. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ वेगळे धरायचे की क आणि ज यांच्यात, हे संपादकाने ठरवून साधनाला सांगावे लागते.

पीडीएफमध्ये अक्षरे सुबक दिसतात, पण शोध लागत नाही आणि मजकूर उचलला तर भलतेच शब्द उमटतात, हीही नेहमीची तक्रार आहे. पीडीएफ अक्षरांच्या आकृती साठवते. कोणती आकृती कोणत्या युनिकोड अक्षरांची, याची सारणी अपुरी असेल तर उलट प्रवास चुकतो. छापील प्रतीला याने बाधा येत नाही, पण तीच पीडीएफ वाचकांना द्यायची असेल तर साधन बदलून पाहावे. आणि अशा पीडीएफमधून मजकूर परत उचलून दुरुस्त आवृत्ती करण्याचा मोह टाळून नेहमी मूळ एचटीएमएलकडे जावे.

डीटीपीच्या मार्गाने जाणाऱ्यांसाठी दोन खाचा ठरलेल्या आहेत. इनडिझाइनमध्ये परिच्छेदाला ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ लावलेला नसेल, तर युनिकोड देवनागरी तुटते. पेजमेकरला युनिकोड कळतच नाही, म्हणून तिथे मजकूर जुन्या सांकेतिक फॉन्टमध्ये बदलावा लागतो आणि आडवा र, ‘ॲ’ व विरळ जोडाक्षरे त्या बदलात गळतात. अशा वेळी दुरुस्ती युनिकोड प्रतीत करून पुन्हा बदल करणे, हाच क्रम ठेवावा. नाहीतर एकाच ग्रंथाच्या दोन प्रती तयार होतात आणि कोणती खरी हे कुणालाच सांगता येत नाही.

पानांची रचना : दुवे, संदर्भ, अनुक्रमणिका

पडद्यावरचा निळा शब्द टिचकीने उघडतो, कागदावर तो विनाकारण रंगलेला शब्द असतो. मराठी विकिपीडियावर अजून न लिहिलेल्या लेखांचे लाल दुवेही पुष्कळ आहेत. ग्रंथात असलेल्या लेखाकडे जाणारा दुवा ‘पाहा’ आणि पृष्ठक्रमांक या रूपात यावा आणि बाकीचे दुवे साधा मजकूर व्हावेत. पृष्ठक्रमांकासह परस्परसंदर्भ आणि पृष्ठक्रमांकांची अनुक्रमणिका देणे ब्राउझरच्या नुसत्या ‘छापा’ आज्ञेला जमत नाही. विझीप्रिंट, प्रिन्स किंवा पेज्ड-जेएस यांना जमते. देवनागरी पृष्ठक्रमांकही सीएसएसमध्ये मागावे लागतात. ते मागितले नाहीत, तर मजकुरात देवनागरी आणि तळाशी इंग्रजी अंक येतात.

बाह्य दुव्यांचे पत्ते छापणारी सीएसएस मराठी पानांवर मोठा गोंधळ घालते. जालावरच्या पत्त्यात देवनागरीचे एक युनिकोड चिन्ह टक्केचिन्हांच्या सांकेतिक रूपात नऊ रोमन चिन्हांचे होते. ‘महाराष्ट्र’ या दहा चिन्हांच्या शब्दाचे नव्वद होतात. अशी न तुटणारी ओळ समासाबाहेर जाते. पत्ते उलट वाचून देवनागरीतच छापणे किंवा लांब पत्ता कुठेही तोडण्याची परवानगी देणे हे उपाय आहेत.

संदर्भांचे क्रमांक प्रत्येक लेखात एकपासून सुरू होतात. सगळे लेख जोडून एकच एचटीएमएल केले, की अंतर्गत खुणा एकमेकींवर आदळतात आणि पाचव्या लेखातील टीप पहिल्या लेखाच्या संदर्भाकडे निर्देश करते. जोडण्यापूर्वी प्रत्येक लेखातील खुणांना त्या लेखाचा वेगळा उपसर्ग लावल्यास हे टळते. जोडताना मथळ्यांचे स्तरही एकेक पायरी खाली आणावे लागतात, नाहीतर अनुक्रमणिकेत ‘इतिहास’ आणि ‘भूगोल’ ही उपशीर्षके लेखांच्या नावांच्या बरोबरीने उभी राहतात.

परवाना आणि श्रेय

विकिपीडियाचा मजकूर २००९ पासून क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेय व समान-वाटप परवान्याखाली आहे आणि २०२३ पासून या परवान्याची ४.० ही आवृत्ती लागू आहे. ग्रंथ विकायलाही हरकत नाही, पण लेखकांचे श्रेय, परवान्याचे नाव आणि केलेले बदल नमूद करावे लागतात, आणि बदललेला मजकूरही त्याच परवान्याखाली द्यावा लागतो. श्रेय देण्यासाठी लेखाचा पत्ता चालतो, मात्र पत्ते छपाईतून गळले तर श्रेयही गळते. चित्रांचे परवाने वेगवेगळे असतात. इंग्रजी विकिपीडियावर पुस्तकांची मुखपृष्ठे, चित्रपटांची भित्तिपत्रे अशी काही मुक्त नसलेली चित्रे मर्यादित वापराच्या सवलतीने ठेवलेली असतात, आणि ती सवलत विक्रीच्या ग्रंथाला आपोआप लागू होत नाही. म्हणून चित्रसूची करून प्रत्येकाचा कर्ता आणि परवाना नोंदवावा. विकिपीडियाचे नाव आणि कोड्याच्या तुकड्यांचा गोल ही विकिमीडिया फाउंडेशनची व्यापारचिन्हे आहेत. परवानगीशिवाय ती मुखपृष्ठावर मिरवता येत नाहीत.

छपाईपूर्व तपासणी

ए-फोर आकाराची पीडीएफ डेमी आकारात छापायला दिली, तर सगळे सुमारे दोन-तृतीयांश होते. बारा पॉइंटची अक्षरे आठ पॉइंटची होतात आणि देवनागरीच्या मात्रा-वेलांट्या भरून येतात. पानाचा आकार सुरुवातीलाच ठरवून मांडणी त्यातच करावी. बांधणीच्या बाजूचा समास जाड ग्रंथात जास्त ठेवावा लागतो, नाहीतर आतली अक्षरे शिवणीत जातात. ओळींतले अंतर इंग्रजी ग्रंथाच्या मापाने ठेवले, तर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा एकमेकांना भिडतात.

रंगांचा एक दोष हमखास सुटतो. ब्राउझरमधून निघालेल्या पीडीएफचे रंग पडद्याच्या पद्धतीचे असतात. चौरंगी छपाईसाठी त्यांचे रूपांतर होताना काळा मजकूरही चार शाईंचा बनू शकतो. चार ठसे केसभर जरी सरकले, तरी अक्षरांना रंगीत कडा येतात. मजकूर फक्त काळ्या शाईत यावा, ही सूचना रूपांतराच्या वेळीच द्यावी लागते. सर्व फॉन्ट पीडीएफमध्ये अंतर्भूत आहेत का, कडेपर्यंत जाणाऱ्या चित्रांना कापणीसाठी तीन मिलिमीटर जादा जागा आहे का आणि पृष्ठसंख्या सोळाच्या फर्म्यात बसते का, हेही पाहावे. संपूर्ण ग्रंथापूर्वी एकच फर्मा छापून घेतला आणि त्यात एक लांब तक्ता, एक नकाशा, एक सूत्र, संदर्भांनी भरलेले एक पान आणि आडवा र असलेला एक परिच्छेद मुद्दाम ठेवला, तर वर सांगितलेले बहुतेक दोष तेवढ्या सोळा पानांत सापडतात. सापडलेला लेखातला किंवा साच्यातला दोष विकिपीडियावर, मांडणीतला सीएसएसमध्ये आणि अक्षरांतला फॉन्ट व साधनाच्या पातळीवर दुरुस्त करून पीडीएफ पुन्हा काढावी. पीडीएफवर हाताने केलेली दुरुस्ती त्या एका प्रतीपुरतीच राहते.